बी पॉझिटिव्हचा वजनाशी काय संबंध?

हसनाबाद, ता. भोकरदन, जि. जालना

चि. भाचीस,

रक्तगट बी पॉझिटिव्ह, म्हणून वजन उतरत नाही, असं तू लिहिलंस. आधी रक्तगट म्हणजे काय ते बघ. कार्ल लँडस्टायनर यांनी 1901 मध्ये व्हिएन्नात हे गट शोधले. तांबड्या पेशींवर साखरेच्या रेणूंची साखळी असते. तिच्या टोकाला कोणती साखर चिकटली, त्यावरून ए की बी ठरतं. काहीच चिकटलं नसेल तर ओ. आता आपल्या मुंबईचाच दाखला घे. 1952 मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा गट नोंदवला, ज्यात ओ गटातही असणारा ‘एच’ हा पायाच नसतो. त्याला जगभर बॉम्बे रक्तगट म्हणतात. ही माणसं अडतात ती रक्त घ्यायची वेळ आल्यावर. एरवी चारचौघांसारखी जगतात. पायाच नसून ज्यांचं काही बिघडत नाही, त्यांच्याकडे बघितल्यावर टोकाच्या एका साखरेनं पोट सुटतं हे पटत नाही.

तू म्हणशील, गटानुसार खाऊन लोक बारीक झालेत. झाले असतील. पीटर डीअॅडॅमो यांच्या 1996 च्या पुस्तकापासून हे खूळ पसरलं. टोरंटो विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 मध्ये 1,455 जणांच्या माहितीवर ते तपासलं. ए गटासाठी सांगितलेला धान्य-भाजी-फळांचा आहार घेणाऱ्यांचं वजन आणि कमरेचा घेर कमी दिसला खरा, पण रक्तगट कोणताही असला तरी! म्हणजे गुण ताटाचा, नाव रक्ताचं. रक्तगट अगदीच निरुपद्रवी आहे असंही नाही: ओ सोडून इतर गटांत रक्ताच्या गुठळ्यांचा धोका थोडा जास्त असतो. पण त्याचं कारण रक्त गोठवणाऱ्या एका प्रथिनाचं प्रमाण, चरबी नव्हे. वजनाचं म्हणशील, तर कुठल्या पाहणीत एक गट जाड दिसतो, कुठल्या पाहणीत दुसराच. खरा संबंध असता तर सगळीकडे तोच गट पुढे आला असता. शिवाय ए आणि बी गटाच्या आईबापांना चारही गटांची मुलं होऊ शकतात. एका चुलीवर चार स्वयंपाक कोण करणार?

काळजी करायचीच तर वेगळ्या गोष्टीची कर. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3; पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. आपली माणसं किरकोळ दिसूनही आत चरबी बाळगतात, म्हणून वजनकाट्याइतकीच टेपही हवी. बाईची कंबर 80 सेंटिमीटरच्या आत असावी. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी घरात आहेच. चहातली साखर आणि बिस्किटं तेवढी आवर, आणि रोज चाल.

रक्तगट कळलाच आहे, तर पुढच्या रक्तदान शिबिरात नाव दे. तिथं मात्र वजन खरोखरच विचारतात: किमान 45 किलो लागतं.

तुझा मामा