चाळणीतला कोंडा

पोळ्या मऊसूत व्हाव्यात म्हणून आमच्याकडे कणीक बारीक चाळणीनं चाळायची पद्धत. चाळणीत उरलेला पिंगट कोंडा मी रोज शेजारच्या गोठ्यात देत असे. सफरचंद सोलून, काकडी सोलून, भात पांढराशुभ्र. सगळं घरचं, ताजं. त्यात काही कमी असेल असं मनातही आलं नाही.

मी शिकवते त्या शाळेत बायकांच्या स्वच्छतागृहाची अडचण, म्हणून दुपारपर्यंत पाण्याचा घोटही घ्यायची नाही. पोट तिसऱ्या-चौथ्या दिवशी साफ व्हायचं. रात्री सोनामुखीचं चूर्ण घेऊन वर्ष काढलं. एका सकाळी रक्त दिसलं. चार महिने मी ते कुणालाच, अगदी ह्यांनाही, सांगितलं नाही. मूळव्याध असेल म्हणत राहिले. निघालं फिशर, गुदद्वाराशी पडलेली चीर. बसून पेपर तपासणं अशक्य झालं होतं. बायांनो, रक्त दिसलं की लाजू नका, लगेच डॉक्टर गाठा. आतड्याच्या कर्करोगातही असंच रक्त जाऊ शकतं.

डॉक्टरबाईंनी दोन दिवसांचं खाणं लिहून आणायला सांगितलं. त्यात चोथा, म्हणजे अन्नातला तंतुमय भाग, दिवसाला जेमतेम बारा ग्रॅम भरला. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला रोज निदान 25 ग्रॅम सांगते. 100 ग्रॅम पांढऱ्या तांदळात तो 3 ग्रॅमसुद्धा नसतो. ज्वारी-बाजरीत 10-11 असतो.

मग मी दुसरी चूक केली. मटकीची उसळ, वाडगाभर कोशिंबीर, चार चमचे इसबगोल, सगळं एकाच दिवशी सुरू केलं. पाणी मात्र होतं तेवढंच. पोट नगाऱ्यासारखं फुगलं, कळा आल्या, खडा आणखी घट्ट झाला. इसबगोल पाणी शोषूनच फुगतं आणि मळ मऊ करतं. पाणीच नसेल तर उलट अडकून बसतं. ते मोठ्या पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्यायचं. आतड्याचं काही दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पुन्हा सुरुवात केली ती हळू. पहिल्या आठवड्यात फक्त कणीक चाळणं बंद. पुढच्या आठवड्यात रात्री भाकरी, मग दिवसाआड उसळ, पेरू बियांसकट. पोटाला सवय व्हायला दीड महिना लागला.

शाळेत आम्ही आठ जणींनी सह्या करून अर्ज दिला. स्वच्छतागृहाला कडी बसली, नळाला पाणी आलं. आता माझी बाटली दुसऱ्या तासालाच रिकामी होते.