पंडिता रमाबाई आणि ‘आजीबाई’: एका धर्मकलहाचा पत्रव्यवहार

1878 साली पंडिता रमाबाई आपल्या बंधूंसह कलकत्त्यास गेल्या असता तेथील ख्रिस्ती मंडळींच्या एका मेळाव्यास त्यांना निमंत्रण आले. खुर्च्यांपुढे गुडघे टेकून प्रार्थना करणारी माणसे पाहून हे लोक खुर्च्यांचीच पूजा करतात की काय, असे त्यांस वाटले. 1907 च्या आत्मनिवेदनात त्यांनी ही आठवण नमूद केली आहे. पुढे 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु समोर दिसणाऱ्या आचाराचा अर्थ विचारल्याखेरीज तो न स्वीकारण्याची वृत्ती त्यांनी चर्चच्या उंबरठ्याबाहेर ठेवली नाही. वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या त्यांच्या संघर्षाचे मूळ येथेच शोधावे लागते.

हा संघर्ष त्रैक्याच्या सिद्धांतावरून झाला, असे सामान्यतः सांगितले जाते. ते खरे आहे. पण अपुरे आहे. रमाबाईंनी ख्रिस्ताचा स्वीकार केला होता, तरी पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या ऐक्याविषयीचे अँग्लिकन प्रतिपादन त्यांच्या बुद्धीस पटत नव्हते. मात्र पत्रे क्रमाने वाचू लागले की वादाचे विषय सारखे बदलताना दिसतात. कधी रमाबाईंच्या शाकाहाराचा प्रश्न असतो, कधी लहानग्या मनोरमेच्या धर्मशिक्षणाचा. कधी क्रुसावरील अक्षरे लॅटिनमध्येच का असावीत, संस्कृतात का नसावीत, हा असतो. रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांस शिकविण्याची कल्पना निघाली, तेव्हा भारतातील बिशपांनी ती अनुचित ठरविली. स्वदेशी पुरुषांच्या सभांत व्याख्याने देऊन आलेल्या विदुषीस हा निषेध विलक्षण वाटावा, यात नवल नाही.

विषय एवढे भिन्न असूनही त्यांच्या तळाशी प्रश्न एकच आहे: चर्चमध्ये प्रवेश करणाऱ्या व्यक्तीने आपल्या विवेकाचा निर्णय कोणाच्या स्वाधीन करावयाचा? जेराल्डीन यांच्या दृष्टीने बाप्तिस्म्याबरोबर आज्ञापालनाची जबाबदारी येते. रमाबाईंच्या दृष्टीने ख्रिस्ताचे अनुयायित्व आणि एका विशिष्ट धर्मपीठाचे अनुशासन या दोन गोष्टी आहेत. भारतातील पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवून ठेवल्यावर दुसरे जोखड मानेवर घेण्याची त्यांची तयारी नव्हती. दोघीही प्रामाणिक होत्या, म्हणूनच तडजोड कठीण झाली. जेराल्डीन यांचा दोष असा, की असहमती दिसली की त्या तिचे कारण अहंकारात शोधीत. समोरच्या माणसाचा युक्तिवाद हा त्याच्या स्वभावाचा विकार मानला की त्याला उत्तर देण्याची गरजच उरत नाही. (रमाबाईंची लेखणीही, अर्थात, प्रसंगी बोचरी होत असे.)

या कोंडीत चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांची भूमिका अभ्यासनीय आहे. बीलबाई चर्चच्या निष्ठावंत होत्या. तथापि त्यांनी रमाबाईंच्या शंकांना शंका म्हणूनच वागविले, त्यांच्याशी तत्त्वचर्चेच्या पातळीवर पत्रव्यवहार केला. त्यांनी रमाबाईंना जिंकले, असे म्हणता येणार नाही. पण वाद चारित्र्यावरून तत्त्वावर आणला, आणि तेवढ्याने संवादाचा धागा तुटावयाचा राहिला.

कलकत्त्याशीच निगडित असे एक विरुद्ध उदाहरण येथे आठवते. 1891 साली ख्रिस्ती झालेल्या ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी ज्या त्रैक्यापाशी रमाबाई अडल्या, त्याचेच ‘सच्चिदानंद’ या वेदान्ती संज्ञेने स्तवन केले. म्हणजे सिद्धांत त्यांस मान्य होता. भाषा तेवढी स्वदेशी हवी होती. तरीही 1900-01 च्या सुमारास त्यांच्या नियतकालिकांवर कॅथलिक अधिकाऱ्यांचा रोष ओढवला आणि श्रद्धावंतांना त्यांच्या वाचनाची मनाई झाली. सिद्धांत नाकारणाऱ्या रमाबाईंशी पत्रव्यवहार चालू राहिला आणि तो मानणाऱ्या उपाध्यायांचे तोंड बंद करण्यात आले, ही विसंगती लक्षात घेतली म्हणजे कलहाचे मर्म सिद्धांतात नसून अधिकारात होते, हे अधिक स्पष्ट होते. मराठीतही नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला, तेव्हा त्यांनी श्रद्धेचा नव्हे, मिशनच्या चौकटीचा त्याग केला होता.

1886 मध्ये रमाबाई अमेरिकेस गेल्या. 1889 मध्ये मुंबईत त्यांनी शारदासदन उघडले. वाँटेजचा वाद कोणाच्याही शरणागतीने मिटला नाही. अंतर पडले, कामे वेगळी झाली, आणि जे पटत नव्हते ते तसेच राहिले. पण एक तपशील दुर्लक्षिण्याजोगा नाही. वादाच्या काळातही रमाबाई जेराल्डीन यांना ‘आजीबाई’ म्हणत. इंग्रजी पत्रात आलेला हा मराठी शब्द नुसते लाड करण्यासाठी नाही. मराठी घरात आजीशी भांडता येते, तिचे ऐकले नाही तरी चालते, आणि तरी ती आजीच राहते. ‘मदर’ अथवा ‘सिस्टर’ या मठातील संबोधनांना ही सवलत नसते. जेराल्डीन यांनी आपल्या बाजूने ही पत्रे, स्वतःस अडचणीची ठरणारी पत्रेसुद्धा, जपली व संकलित केली. 1977 मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती प्रसिद्ध केली, आणि त्यांत दोघींचे म्हणणे एकमेकींशेजारी छापलेले आहे.