डॉक्टर, ध्यानात काहीच राहत नाही!

येलदरी-जिंतूर भागातून चाळिशी-पन्नाशीची माणसं ही तक्रार घेऊन येतात. मोटार बंद केली की नाही, आठवत नाही. दूध उतू जातं. किल्ली सापडत नाही. आणि लगेच विचारणा : स्मरणशक्तीचं टॉनिक लिहून देता का?

टॉनिक नको. तुम्ही किल्ली ठेवली तेव्हा डोक्यात पीककर्ज, नाहीतर मुलीच्या लग्नाची बोलणी होती. लक्ष नसलं की मेंदू त्या क्षणाची धड नोंदच करत नाही, मग आठवणार काय? म्हणून काम करताना ते तोंडानं म्हणा : ‘स्टार्टर बंद केला.’ वस्तूची जागा बदलू नका. बीपीची गोळी घेतली की नाही अशी शंका आली, तर अंदाजानं दुसरी घेऊ नका. वारांचे कप्पे असलेली डबी वापरा.

झोपेचं मात्र गंभीरपणे घ्या. पूर्णेच्या पाण्यावर भिजणाऱ्या रानात वीज रात्रीच्या पाळीला आली की दारं धरायला जागावंच लागतं. पण मोठ्या माणसाला किमान 7 तास झोप लागते. ती दुपारी का होईना, भरून काढा. जागरणाच्या दुसऱ्या दिवशी फवारणी करू नका. उरलेलं औषध पाण्याच्या बाटलीत तर कधीच ओतू नका. घाईत, दुसऱ्याच विचारात ती बाटली तोंडाला लागली की जीव जातो.

तरीही विसर वाढतच असेल तर बी-12, थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि साखर तपासून घ्या. माळकरी, शाकाहारी घरांत आणि मधुमेहासाठी अनेक वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-12 कमी आढळतं, आणि ते उपचारानं भरून निघतं. झोपेच्या व सर्दी-खाजेच्या काही गोळ्या, तसंच दारू यांनीही ध्यान जातं.

रोजच्या वाटेवर चुकणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, नोटांचा हिशेब न जमणं ही लक्षणं वेगळी. तपासणी लांबवू नका. एकाएकी बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.

काळजीनं झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर घरच्यांशी बोला. 2022 पासून सरकारची टेली-मानस सेवा आहे, 14416 वर चोवीस तास, मोफत, मराठीतही. फोन करायला लाजू नका.