ऊस वाहतुकीच्या गाड्या : धूर आणि पीयूसी



गळीत हंगाम जवळ आला की ट्रकांचे टायर पाहतात, हौद्याचे वेल्डिंग होते. धुराकडे मात्र कोणी बघत नाही. “डिझेलची गाडी, धूर निघायचाच!” असे म्हणून आपण सोडून देतो. पण काळा धूर म्हणजे अर्धवट जळालेले डिझेल. ते वाया गेले की वाहतूकदाराला परवडत नाही, तो वाढीव दर मागतो, आणि वाहतूक खर्च शेवटी आपल्याच ऊसबिलातून वजा होतो.

कायदा काय सांगतो? केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 115 प्रमाणे पहिल्या नोंदणीला एक वर्ष झाले की गाडीत चालू पीयूसी हवी. जुन्या गाड्यांना तिची मुदत सहा महिने, बीएस-4 व त्यापुढील गाड्यांना एक वर्ष. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 190(2) खाली शिक्षा दहा हजार रुपये दंडापर्यंत किंवा तीन महिने कैदेपर्यंत, अथवा दोन्ही. शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र ठरू शकते.

तपासणी अशी होते. इंजिन चांगले गरम करून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवतात, सायलेन्सरमध्ये नळी घालतात आणि पूर्ण रेस अनेकदा देतात. धुरातून प्रकाश किती अडतो ते यंत्र मोजते. बीएस-4 च्या आधीच्या गाड्यांना मर्यादा 2.45, बीएस-4 ला 1.62. थंड इंजिनावर तपासणी करून घेऊ नये. आकडा खरा येत नाही.

धूर का होतो? फडातल्या व पाणंदीच्या धुळीने एअर फिल्टर तुंबतो. हवा कमी पडली की डिझेल पुरते जळत नाही. नोझल ठिबकते. काहीजण “गाडी ओढत नाही” म्हणून पंप वाढवून घेतात; ओढ थोडी वाढते, पण धूर व डिझेलचा खर्च त्याहून जास्त वाढतो. जादा भरतीनेही तेच होते. निळा धूर दिसला तर इंजिन ऑईल जळते आहे असे समजावे.

म्हणून बॉयलर पेटण्याआधीच फिल्टर, नोझल, पंप तपासून मगच मान्यताप्राप्त केंद्रावर पीयूसी काढावी. सातारा-सांगलीच्या रस्त्यावर भरलेली गाडी अडली तर दंड मालकाचा, पण वाळणारा ऊस आपला! तोडलेला ऊस जितका थांबेल तितके वजन आणि साखर दोन्ही घटतात. ट्रॅक्टरच्या इंजिनालाही हीच निगा लागते. तरी सर्व सभासद व वाहनमालकांनी हे काम हंगामापूर्वी उरकून घ्यावे.