छत फाटतं की उसवतं?

प्रश्न: तंजावरात आमच्या घरापुढचं गुंडाळायचं कापडी छत दर पावसाळ्यात फाटतं. नवं घ्यावं का?

उत्तर: एवढ्यात नको. फाटलेली जागा निरखून पाहा. पुष्कळदा कापड शाबूत असतं आणि शिवणीचा दोरा नखानंही तुटतो. उन्हानं दोरा आधी विरतो, मग ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसात पाणी साचलं की तिथेच उसवतं. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो ओझं! चिकटपट्टी स्वस्त खरी, पण धुळीवर ती धरत नाही. कापड धुऊन, वाळवून गोल कोपऱ्यांचं ठिगळ लावा, उन्हाला टिकणाऱ्या दोऱ्यानं शिवा. पाणी साचू नये म्हणून छताचा उतार वाढवा; त्यानं सावली घटेल, घटू द्या. ओलं कापड एरवी गुंडाळू नये. वादळाचा इशारा असेल तर मात्र ओलंच गुंडाळा. २०१८च्या गज वादळात याच जिल्ह्यात नारळ उन्मळले, तिथे कापडाची काय कथा! ऊन पडताच उलगडून वाळवा.