शेवटचा सायकलस्वार आणि मामल्लपुरमचा दीपस्तंभ

गेल्या वर्षी आमच्या हाऊसच्या सायकल सहलीत मी पुढच्या गटाचा प्रमुख होतो. ठरलेल्या वेळेच्या वीस मिनिटे आधी आम्ही पोहोचलो आणि ऐटीत डोकी मोजली. एक कमी भरले. आठवीतला एक कॅडेट पंक्चर झालेली सायकल घेऊन पाच किलोमीटर मागे, रस्त्याच्या कडेला बसला होता. पंप माझ्या पिशवीत होता. तो रडला नाही, रागावलाही नाही. "सर, मला वाटलं तुम्ही पुढच्या वळणावर थांबला असाल," एवढेच म्हणाला.

यंदा जानेवारीतल्या सहलीचा मार्ग आखायचे काम मी मागून घेतले. तो कसा आखला आणि त्यात कुठे चुकलो, ते इथे लिहितो.

१. अंतर

चेन्नईच्या दक्षिणेला समुद्रकाठी मामल्लपुरम, म्हणजेच महाबलीपुरम आहे. तिथून ईस्ट कोस्ट रोडने दक्षिणेला सद्रास, तिथून आत वायव्येला तिरुक्कळुकुन्रम आणि मग पूर्वेला परत मामल्लपुरम, असा त्रिकोण होतो. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर २ सेंटीमीटर म्हणजे १ किलोमीटर. रस्त्याच्या वळणांवरून दोरा ठेवायचा आणि मग तो पट्टीवर मोजायचा. तिन्ही बाजू साधारण १३, १६ आणि १५ किलोमीटर आल्या. एकूण ४४. रस्ता जवळजवळ सपाट. रोज पीटी करणाऱ्या मुलांना हे अंतर मध्यम म्हणता येईल.

२. वेग

इथे मी पहिली चूक केली. सरासरी वेग २० धरला. सरांनी विचारले, "हा कोणाचा वेग?" मी म्हणालो, "माझा, सर." त्यांनी कागद परत दिला.

मग आम्ही बारा जणांनी १० किलोमीटरची चाचणी घेतली. सर्वांत वेगवान कॅडेटचा वेग ताशी २२ आला, सर्वांत हळू कॅडेटचा १४. म्हणजे एका तासात दोघांमध्ये ८ किलोमीटरचे अंतर पडते. गेल्या वर्षीचे पाच किलोमीटर कुठून आले, ते मला तेव्हा कळले. त्यात कोणी आळशी नव्हते. तो साधा गुणाकार होता. नव्या आराखड्यात वेग १४ धरला.

३. दिशा

पहिल्या आराखड्यात मी आधी तिरुक्कळुकुन्रम, मग सद्रास आणि शेवटी किनाऱ्याने उत्तरेकडे असे ठरवले होते. आपण डावीकडून चालवतो, म्हणून या दिशेने त्रिकोणाची वळणे डावीकडची येतात आणि ती सोपी असतात. सरांनी दुसरा प्रश्न विचारला, "शेवटचा मुलगा ईस्ट कोस्ट रोडवर किती वाजता असेल?" मी हिशेब केला. सुमारे दहा वाजता, तोही रविवारी, चेन्नईहून येणाऱ्या मोटारींच्या गर्दीत आणि दमलेला.

मी दिशा उलटी केली. मोठा रस्ता पहाटे, गाड्या कमी असताना आणि पायात ताकद असताना संपवायचा. जानेवारीत या किनाऱ्यावर वारा बहुधा ईशान्येकडून येतो, त्यामुळे दक्षिणेकडे जाताना तो पाठीशी राहतो. तोट्याच्या बाजूला दोन गोष्टी होत्या. उजवी वळणे आली, ती सर्वांनी उतरून, सायकल हातात धरून, एकत्र ओलांडायची. शेवटच्या बाजूला वारा तिरका समोरून येणार, म्हणून तिथे वेग १२ धरला.

४. वेळापत्रक आणि थांबे

६.३० – मामल्लपुरमहून प्रस्थान.
७.३० – सद्रास. डचांचा किल्ला बाहेरून पाहणे, अर्धा तास विश्रांती. १७ फेब्रुवारी १७८२ रोजी या किनाऱ्यासमोर इंग्रज ॲडमिरल ह्यूज आणि फ्रेंच सेनानी सफ्रेन यांच्या आरमारांची लढाई झाली. शेजारीच कल्पक्कमचे अणुऊर्जा केंद्र आहे. त्याच्या कुंपणाजवळ थांबायचे नाही, छायाचित्रे काढायची नाहीत.
९.१० – तिरुक्कळुकुन्रम. शंखतीर्थ तलावाजवळ इडलीचा नाश्ता, अर्धा तास. टेकडीवरच्या मंदिराला पाचशेहून अधिक पायऱ्या आहेत. मोह झाला तरी चढायचे नाही, पुढे १५ किलोमीटर बाकी आहेत.
१०.५५ – दीपस्तंभ.

५. दीपस्तंभ शेवटी का?

मामल्लपुरमच्या खडकाळ टेकडीवर पल्लवांनी आठव्या शतकात बांधलेले ओलक्कण्णेश्वर मंदिर आहे. एकोणिसाव्या शतकात त्याच्याच माथ्यावर जहाजांसाठी दिवा लावत. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी शेजारी आजचा दगडी मनोरा कामाला लागला. टेकडीच का, याचे उत्तर गणितात आहे. मीटरमधल्या उंचीचे वर्गमूळ ३.५७ ने गुणले की क्षितिजापर्यंतचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. दिवा २५ मीटरवर असेल तर सुमारे १८ किलोमीटर, ४९ मीटरवर नेला तर सुमारे २५.

वर जाण्याच्या वेळा ठरलेल्या असतात, त्या आधी विचारून घ्याव्यात. शेवटी ठेवण्याचे माझे कारण मात्र वेगळे होते. नियम असा केला की बारावा येईपर्यंत कोणीही पायरी चढायची नाही. मग पुढे पळून फायदाच उरत नाही.

६. सामान

प्रत्येकाकडे हेल्मेट आणि पाण्याच्या दोन बाटल्या. पंप, जादा ट्यूब, टायर काढायचे लिव्हर आणि प्रथमोपचार पेटी सर्वांत मागच्या सायकलवर. आदल्या संध्याकाळी ब्रेक, साखळी आणि हवा तपासायची. प्रत्येकाला एक जोडीदार; जोडीदार दिसेनासा झाला की थांबायचे.

प्रत्यक्षात आम्ही ११.१५ ला पोहोचलो, म्हणजे वीस मिनिटे उशिरा. तिरुक्कळुकुन्रमनंतर एक ट्यूब बदलावी लागली. या वेळी मी सर्वांत मागे होतो आणि पंपही तिथेच होता. गेल्या वर्षीचा तो कॅडेट आता नववीत आहे. माझ्या पुढे तोच होता, म्हणजे अकरावा. त्याने सायकल लावली, माझ्याकडे पाहिले आणि मोजले, "बारा." मग पायऱ्या सर्वांत आधी तोच चढला.

तुम्ही मार्ग आखाल तेव्हा नकाशावरच्या प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न लिहा: शेवटचा इथे किती वाजता असेल, आणि त्याच्याजवळ कोण असेल?