संग्राहक म्हणजे कोण?

आपल्या भित्तिपत्रकात प्रत्येक कवितेच्या आणि कोड्याच्या खाली एक नाव असते. नावाच्या आधी कधी 'कवी' असे लिहिलेले असते, कधी 'लेखिका', आणि पुष्कळ वेळा 'संग्राहक'. पहिली-दुसरीच्या मुलांना हा शब्द धड वाचताही येत नाही. संग्राहक म्हणजे ज्याने ते गोळा करून आणले तो. त्याने ते स्वतः रचलेले नसते. काही मुले म्हणतात, काय फरक पडतो, नाव आपलेच असते ना! पण फरक फार पडतो, म्हणून मी या विषयाचा अभ्यास केला. कायद्यातले गुरुजींनी मला सोपे करून सांगितले. बाकीचे मी घरी विचारून आणि वाचून जमवले.

आधी आपल्या पुणे जिल्ह्यातलीच जुनी गोष्ट सांगतो. सतराव्या शतकात देहूला तुकाराम महाराज होते. त्यांच्या काळात सालोमालो नावाचा एक कीर्तनकार होता, अशी कथा सांगतात. तो तुकोबांचे अभंग घ्यायचा, शेवटचे 'तुका म्हणे' काढून टाकायचा आणि तिथे स्वतःचे नाव घालायचा. अभंगात शेवटी कवीचे नाव येते, त्याला नाममुद्रा म्हणतात. नामदेवांची 'नामा म्हणे', जनाबाईंची 'जनी म्हणे'. एकनाथ महाराज तर 'एका जनार्दनी' असे म्हणून आपल्या नावाबरोबर आपल्या गुरूंचे नावही घालत. तेव्हा आपल्याकडे छापखाने नव्हते. अभंग तोंडातोंडी जायचे. म्हणून नाव बाहेर न लिहिता अभंगाच्या आतच बसवलेले असायचे. सालोमालोने नेमके तेच उपटले. तुकोबांच्या गाथेत सालोमालोचे नाव खरोखर आहे. हे लोक संतांच्या बोलांची मोडतोड करतात आणि ते आपले म्हणून मिरवतात, अशी तक्रार तुकोबांनी एका अभंगातच केली आहे. त्या तक्रारीच्या शेवटीही 'तुका म्हणे' आहेच!

याच्या अगदी उलटी गोष्ट १९३६ साली झाली. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने 'संत तुकाराम' हा बोलपट काढला. दामले आणि फत्तेलाल यांनी तो दिग्दर्शित केला, आणि विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले होते. त्यात सालोमालोसुद्धा आहे. या बोलपटात 'आधी बीज एकले' हे गाणे आहे. ते पुष्कळ लोक तुकोबांचा अभंग म्हणून गातात. आमच्या घरीही तसेच वाटत होते. पण ते तुकोबांचे नाही, शांताराम आठवले या कवींनी बोलपटासाठी लिहिलेले आहे. नीट ऐकले तर त्यात 'तुका म्हणे' कुठेच येत नाही. आठवल्यांनी तुकोबांचे नाव वापरून फसवले नाही, लोकांनीच नाव जोडले. म्हणजे नाव पुसायला दर वेळी चोरच लागतो असे नाही. कोणी विचारले नाही, तरी नाव हळूहळू पुसले जाते.

आता कायदा. आपल्या देशात १९५७ सालचा कॉपीराइट कायदा आहे. कॉपीराइटला मराठीत स्वामित्व हक्क म्हणतात. एखाद्याने गोष्ट, कविता, गाणे, चित्र तयार केले की ते छापायचे, त्याच्या प्रती काढायच्या, त्यात बदल करून दुसरे काही बनवायचे, याचा हक्क त्याचा असतो. त्यासाठी कुठल्या कचेरीत जाऊन नोंद केलीच पाहिजे असे नाही. केल्याबरोबर हक्क लागू होतो. मुलांनी केले तरी होतो. मला हे आधी खरेच वाटेना, मी गुरुजींना दोनदा विचारले.

हा हक्क कवी किंवा लेखक जिवंत असेपर्यंत आणि त्याच्यानंतर ६० वर्षे राहतो. पूर्वी ५० वर्षे होता. रवींद्रनाथ टागोर १९४१ साली वारले, त्यांच्या पुस्तकांची मुदत संपत आली, तेव्हा कायदा बदलून ६० केली. याची गणिते मी वहीत केली. साने गुरुजी १९५० साली वारले. १९५० अधिक ६० म्हणजे २०१०. ते वर्ष संपले आणि १ जानेवारी २०११ पासून 'श्यामची आई' सर्वांना मोकळी झाली. आचार्य अत्रे १९६९ साली वारले, म्हणून त्यांचे लिखाण २०२९ संपेपर्यंत बांधलेले आहे. तुकोबांचे अभंग तर केव्हाच मोकळे आहेत. ते कोणीही छापावेत, कोणत्याही चालीत म्हणावेत. पण मोकळे झाले म्हणून 'तुका म्हणे' काढून आपले नाव घालावे काय? मग आपण सालोमालोच झालो.

बदल करणे वाईट असते असे मात्र मला वाटत नाही. अत्र्यांचेच बघा. ते आपल्या जिल्ह्यातल्या सासवडचे. १९२५ साली त्यांचे 'झेंडूची फुले' हे विडंबनाचे पुस्तक आले. विडंबन म्हणजे दुसऱ्या कवींच्या कवितेची ढब उचलून केलेली थट्टा. त्यावर त्यांनी 'केशवकुमार' हे आपले टोपणनाव घातले. मूळ कविता कोणती हे वाचणाऱ्याला कळते, म्हणून तर हसू येते. पुढे १९५३ साली अत्र्यांनी 'श्यामची आई' या पुस्तकावरून बोलपट काढला आणि त्याला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. पुस्तकाचा बोलपट म्हणजे केवढा मोठा बदल! तरी साने गुरुजींचे नाव कोणी विसरले नाही. २०२३ साली त्याच पुस्तकावर पुन्हा सिनेमा आला, तेव्हा पुस्तक मोकळे झालेले होते.

आजीला मी विचारले, जात्यावरच्या ओव्या कोणाच्या? आजी म्हणाली, "आरं, माझ्या सासूनं म्हनली, तिच्यात मी माझ्या भावाचं नाव घातलं, झाली माझी. त्यात काय चोरी?" आजीचे बरोबर आहे. ओवी बदलायचीच असते, आणि कोणी एकटीने ती रचलेली नसते. पण हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी आपल्या जिल्ह्यात आणि इतर गावांत फिरून बायकांच्या एक लाखावर ओव्या गोळा केल्या, तेव्हा ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे आणि तिच्या गावाचे नाव लिहून ठेवले. हे झाले खरे संग्राहक. आजीला हे सांगितले तर ती म्हणाली, "मग माझंबी लिहा की."

आता ताईचे सांगतो. गेल्या आषाढीला तिने दारात विठोबाची रांगोळी काढली. सकाळी सहापासून साडेनऊपर्यंत ती वाकून बसली होती. खाली कोपऱ्यात तिने आपले नाव लिहिले. काकांनी फोटो काढून मोबाईलवर नातेवाइकांना पाठवला. चौथ्या दिवशी तोच फोटो काकांच्या मोबाईलवर दुसरीकडूनच फिरून आला. खालचा कोपरा कापलेला, वर लाल अक्षरांत आषाढीच्या शुभेच्छा आणि शुभेच्छा देणारा म्हणून एका अनोळखी माणसाचे नाव. काकांनी आलेल्या नंबरवर विचारले. तो म्हणाला, मला पण दुसऱ्यानेच पाठवला. ताई काही बोलली नाही, दुपारी जेवली मात्र नाही. गुरुजी म्हणाले, फोटोवर हक्क काकांचा आहे आणि चित्रावर ताईचा. कायद्याचे कलम ५७ असे आहे की, हे मी केले असे सांगण्याचा हक्क करणाऱ्याचाच, आणि नाव खराब होईल अशी मोडतोड कोणी केली तर तो हरकत घेऊ शकतो. हक्क विकला तरी हा अधिकार त्याच्याकडे राहतो. पण फोटो इतक्या हातांतून गेल्यावर हरकत घ्यायची कोणाकडे? या दिवाळीला ताईने नाव रांगोळीच्या मधोमध, दिव्याच्या पोटात लिहिले. कापायचे तर दिवाच कापावा लागेल.

मग आपण शाळेत दुसऱ्यांच्या कविता म्हणतो ते चालते का? चालते. कलम ५२ मध्ये सवलती आहेत. स्वतःच्या अभ्यासासाठी वहीत उतरून घ्यावे, एखाद्या पुस्तकावर आपले मत लिहिताना त्यातला थोडा भाग द्यावा, गुरुजींनी शिकवताना फळ्यावर लिहावे. स्नेहसंमेलनात मुलांनी आणि शिक्षकांनी गाणे किंवा नाटक सादर करावे. सिनेमा दाखवायचा किंवा रेकॉर्ड लावायची तर बघणारे शाळेतले, त्यांचे पालक आणि शाळेशी संबंधित लोकच असावेत. तोच कार्यक्रम मोबाईलवरून साऱ्या जगाला पाठवला की ही सवलत पुरत नाही, हे मोठ्या माणसांनीही लक्षात ठेवायला हवे, कारण स्नेहसंमेलनात सगळ्यांचे मोबाईल वरच असतात.

आमच्या वर्गाने यावर्षी असे ठरवले आहे की, स्वतः रचले तर 'कवी' किंवा 'लेखक'. आणले तर 'संग्राहक', आणि त्याच्या वर मूळ कवीचे नाव. बदलले तर 'मूळ कवी अमुक, बदल तमुक'. कवी कोण ते सापडले नाही तर जागा मोकळी ठेवायची, तिथे आपले नाव घालायचे नाही. या अंकात अशा दोन मोकळ्या जागा आहेत, एक पावसाच्या कवितेखाली आणि एक बैलाच्या गाण्याखाली. फळ्याच्या खिळ्याला पेन्सिल बांधली आहे. आलेल्या पालकांपैकी कोणाला हे कोणी लिहिले ते ठाऊक असेल तर त्यांनी तिथे नाव लिहावे. आजीची ओवी तिसऱ्या ओळीत लावली आहे, आणि तिच्या खाली आजीचेच नाव आहे.